गणपतीपुरती डागडुजी

श्रावण सरू लागला की कोकणात दोन ठिकाणी एकाच वेळी डागडुजी सुरू होते. मुंबई-गोवा महामार्गावर खडी-डांबराचे ट्रक उभे राहतात, खड्डे बुजवण्याची घाई उडते, मंत्र्यांचे पाहणी दौरे निघतात आणि चतुर्थीपूर्वी रस्ता सुस्थितीत असेल अशी ग्वाही दिली जाते. त्याच सुमारास महामार्गापासून आत असलेल्या वाड्यांमध्ये वर्षभर बंद असलेल्या घरांची कुलुपे निघतात. फुटकी कौले बदलली जातात, अंगणातले गवत उपटले जाते, उंदरांनी कुरतडलेल्या गाद्या उन्हाची एखादी तिरीप पाहून बाहेर टाकल्या जातात. दोन्ही कामांची मुदत एकच, चतुर्थी. आणि दोन्ही कामांचा दर्जाही बहुधा एकच. रस्ता विसर्जनापर्यंत टिकला की शासनाची जबाबदारी संपते. घर विसर्जनापर्यंत गळले नाही की कुटुंबाची.

यांपैकी पहिल्या डागडुजीवर दरवर्षी भरपूर लिहिले-बोलले जाते आणि ते योग्यच आहे. दुसरीविषयी मात्र घराबाहेर कोणी बोलत नाही आणि घरातही विषय निघाला की तो आरतीच्या वेळेवर टाळला जातो. रस्ता काय आणि घर काय, वर्षाचे पाच दिवस निभावून नेले की झाले, ही वृत्ती दोन्हीकडे सारखीच आहे. कोकणाचे खरे दुखणे या वृत्तीत आहे.

वाट कधीच सोपी नव्हती

कोकणी माणसाचा गावाकडचा प्रवास हा पहिल्यापासून कष्टाचाच राहिला आहे. रस्ते नव्हते तेव्हा भाऊच्या धक्क्यावरून बोटी सुटत. १७ जुलै १९४७ रोजी, आषाढी अमावास्येच्या दिवशी, रेवसकडे निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. स्वातंत्र्य अवघ्या महिन्यावर आलेले असताना कोकणातील कितीतरी घरांत सुतक होते. पुढे एसटी आली. घाटातल्या वळणांवर रात्रभर हेलकावे खात, मांडीवर पिशवी आणि पिशवीवर लेकरू घेऊन दोन पिढ्यांनी प्रवास केला.

त्यानंतर कोकण रेल्वे आली. बॅ. नाथ पै आणि प्रा. मधु दंडवते यांच्यासारख्या लोकप्रतिनिधींनी तो प्रश्न संसदेत लावून धरला. जॉर्ज फर्नांडिस रेल्वेमंत्री असताना १९९० साली स्वतंत्र महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन यांच्याकडे सूत्रे आली, जनतेकडून रोख्यांद्वारे पैसा उभा केला गेला आणि सह्याद्रीच्या कुशीतून रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंतचा सुमारे ७४० कि.मी. चा मार्ग आठ वर्षांच्या आत पुरा झाला. २६ जानेवारी १९९८ पासून त्यावर सलग वाहतूक सुरू झाली. करबुड्याचा साडेसहा कि.मी. लांबीचा बोगदा आणि पानवलचा ६० मीटरहून उंच पूल याच देशातील अभियंत्यांनी आणि कामगारांनी उभारला. ही कामे करताना कित्येकांनी प्राण गमावले, हेही विसरता कामा नये.

या पार्श्वभूमीवर महामार्गाची कथा पाहावी. पनवेल ते इंदापूर या सुमारे ८४ कि.मी. च्या टप्प्याच्या चौपदरीकरणास २०११ साली प्रारंभ झाला. ठेकेदार बदलले, मंत्री बदलले, सरकारे बदलली, महामार्गाचा क्रमांक १७ होता तो ६६ झाला. न्यायालयात याचिका झाल्या, नव्या तारखा जाहीर झाल्या. २०२५ च्या गणेशोत्सवातही माणगाव आणि इंदापूरची बाह्यवळणे पुरी झालेली नव्हती. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहून गेला आणि त्याबरोबर दोन एसटी गाड्यांतील प्रवासीही. तेथील नवा पूल मात्र वर्ष पुरे होण्याच्या आत, जून २०१७ मध्ये वाहतुकीस खुला झाला. याचा अर्थ स्पष्ट आहे. काम करावयाचे ठरवले तर यंत्रणा करू शकते. ठरवण्यासाठी तिला एवढी माणसे वाहून जावी लागतात, ही दुःखाची गोष्ट. आणि १६ ऑक्टोबर २०२३ रोजी चिपळुणात बांधकाम चालू असलेल्या उड्डाणपुलाचा भाग कोसळला, तेव्हा विलंबाबरोबर दर्जाचाही प्रश्न उघड्यावर आला.

हक्काऐवजी सवलत

एवढे सारे होऊनही कोकणी मतदाराचा रोष निवडणुकीत फारसा उमटत नाही. याचे एक कारण सवलतींच्या राजकारणात आहे. चतुर्थी जवळ आली की पक्षोपक्षांच्या फुकट गाड्या सुटतात. गाडीच्या पुढच्या काचेवर नेत्याचे हसरे छायाचित्र, मागे उपनेत्यांची रांग. पथकर माफीचे पास वाटले जातात. २०२५ च्या उत्सवासाठी एसटीने पाच हजार जादा गाड्यांची घोषणा केली. त्याच वर्षी शासनाने गणेशोत्सवास राज्य महोत्सवाचा दर्जाही दिला.

यातील कोणतीही गोष्ट वाईट नाही. ज्याला रेल्वेचे आरक्षण मिळाले नाही, खासगी गाडीचे तिप्पट भाडे परवडत नाही, अशा कुटुंबाला फुकट गाडी म्हणजे खरोखरच मोठा आधार असतो. नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी खुले होते. पण दिवस कितीही ठेवले तरी गणपतीच्या गाड्यांची प्रतीक्षायादी काही मिनिटांत भरते, हा दरवर्षीचा अनुभव आहे. मार्ग बहुतांशी एकेरी असताना गाड्या तरी किती वाढवणार? रोहा ते वीर या सुमारे ४७ कि.मी. चे दुहेरीकरण २०२१ मध्ये झाले. ते पुढे न्यावे, ही मागणी फुकट गाडीच्या मागणीपेक्षा मोठी आहे.

मुद्दा असा की, सवलत घेणारा नागरिक हळूहळू लाभार्थी होतो आणि लाभार्थी प्रश्न विचारत नाही. ज्याने तिकीट काढून दिले त्यालाच, ‘साहेब, रस्त्याचे काय झाले?’ असे विचारणे माणसाला अवघड वाटते. कोकणी माणूस मुळात भिडस्त. त्यात उपकाराचे ओझे आले की तो गप्पच होतो. भाद्रपदात सगळे बोलतात, कारण तेव्हा पाठीचे मणके हलत असतात. कार्तिकात कोणीच बोलत नाही. आणि रस्त्याची कामे तर पावसाळा संपल्यावर, कार्तिकापासूनच, व्हायची असतात. गावच्या मुंबईतील मंडळांनी दिवाळीनंतर लोकप्रतिनिधींना बोलावून कोणत्या महिन्यात कोणता टप्पा पुरा होणार याचा हिशेब मागितला आणि होळीला तो तपासला, तर चतुर्थीच्या दौऱ्यांपेक्षा त्याचा परिणाम निश्चित अधिक होईल. होळीला गावी जाणारा चाकरमानी कमी नाही.

दोन्ही टोकांना रिकामी घरे

आता दुसऱ्या डागडुजीकडे वळले पाहिजे, कारण ती अधिक जिव्हारी लागणारी आहे.

२००१ च्या जनगणनेत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६ लाख ९७ हजार होती; २०११ मध्ये ती १६ लाख १५ हजारांवर आली. सिंधुदुर्गची ८ लाख ६९ हजारांवरून साडेआठ लाखांच्या किंचित खाली उतरली. महाराष्ट्राची लोकसंख्या वाढत असताना हे दोन जिल्हे घटत होते. रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. राज्याचा आकडा होता ९२९. स्त्रियांची ही बहुसंख्या म्हणजे काही सामाजिक प्रगतीचे लक्षण नव्हे. कर्ते पुरुष गावात नाहीत, एवढाच तिचा अर्थ. मनिऑर्डरवर चालणारा जिल्हा अशी ज्याची ओळख होती, त्याचे हे गणिती रूप.

विलक्षण गोष्ट ही की त्याच दशकात मुंबई शहर जिल्ह्याची, म्हणजे कुलाबा ते माहीम-शीव या भागाची, लोकसंख्याही ३३ लाख ३८ हजारांवरून ३० लाख ८५ हजारांवर घसरली. लालबाग, परळ, शिवडी येथील चाळींमध्ये कोकणातील गावांच्या खोल्या असत. एका खोलीत वीस-पंचवीस गिरणी कामगार पाळीपाळीने झोपत, खानावळीत जेवत, आणि पैसे गावी पाठवत. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपानंतर ते जग मोडले. पुढची पिढी नालासोपारा, विरार, डोंबिवली, दिवा, बदलापूर अशी पांगली. म्हणजे कोकणी कुटुंबाची गावची ओटी रिकामी झाली आणि मुंबईतली गावकीची खोलीही. चुलत भावंडे जिथे रोज भेटत ते ठिकाणच उरले नाही. आता ती वर्षातून एकदाच एकत्र येतात, गावच्या घरी, गणपतीत. त्या घराच्या कौलांखाली कुटुंब टिकून आहे, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

म्हणूनच या घरातील उत्सवाकडे केवळ धार्मिक विधी म्हणून पाहता येत नाही. मूर्तीसाठी घरचा पाट चित्रशाळेत पोहोचवायचा कोणी, माटवीला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळे, रानातली फळे आणायची कोणी, यंदा पूजेची पाळी कोणाची, गौरीचा ओवसा कोणत्या सुनेचा, भजनाला पखवाज कोण वाजवणार आणि पहाटेपर्यंत चाललेल्या फुगड्यांना चहा कोण देणार, या प्रत्येक प्रश्नाच्या उत्तरात नात्याची एकेक गाठ असते. विरारला वाढलेल्या मुलाला आपला चुलतभाऊ कोण, काकांच्या पायाशी वाकायचे कधी, गाऱ्हाण्यात पूर्वजांची नावे का घेतात, हे कोणत्याही पुस्तकातून कळत नाही. ते त्या पाच दिवसांत कळते.

मागे राहिलेला भाऊ

मात्र या घराचा संसार उरलेले तीनशे साठ दिवस कोण चालवतो? बहुतेक घरांत एक भाऊ गावी राहिलेला असतो. कोणी वडिलांच्या आजारपणामुळे थांबला, कोणाचे शिक्षण अर्धवट राहिले, कोणाला मुंबईत नोकरी लागली नाही. देवापाशी संध्याकाळचा दिवा तो आणि त्याची बायको लावतात. घरपट्टी तो भरतो, वादळात उडालेली कौले तो बसवतो, माकडे-वानरांनी नासलेली बाग तो राखतो, भावकीतल्या लग्नाकार्याला आणि मयताला घरातर्फे तो उभा राहतो. चाकरमानी येतात तेव्हा त्याची पत्नी तीस-चाळीस माणसांचे जेवण रांधते आणि उकडीच्या मोदकांची पहिली वाफ तिच्याच हातावर येते.

त्याला या घरात स्थान काय? पुष्कळदा राखणदाराचे. शहरातून आलेला भाऊ न्हाणीघराच्या फरशीवरून नाक मुरडतो. पुतणे नेटवर्क नाही म्हणून कुरकुरतात. आंब्याच्या विक्रीचा हिशेब मात्र अगत्याने विचारला जातो. घर दुरुस्त करावे तर ‘परस्पर केले’ असा ठपका, न करावे तर ‘घराची रया घालवली’ असा. सातबाऱ्यावर आजोबांच्या काळापासूनची वीस-तीस नावे असतात, त्यांतली निम्मी माणसे हयात नसतात, आणि एक सही कमी म्हणून त्याला धड कर्जही मिळत नाही.

कोरोनाच्या २०२० सालच्या उत्सवात हे अंतर उघडे पडले. गावी जाणाऱ्यांना आधी दहा दिवस विलग राहण्याचा नियम झाला. कोठे गावकऱ्यांनी चाकरमान्यांसाठी शाळा झाडून दिल्या, जेवणाचे डबे पोहोचवले. कोठे मात्र वेशीवरच कटुता आली. ‘हे आमचे गाव’ आणि ‘हे आमचेही गाव’ या दोन वाक्यांमधला तो संघर्ष होता. संकट ओसरले, पण मागे राहिलेल्या माणसाच्या मनातला प्रश्न ओसरला नाही. गाव सणापुरते तुमचे, मग वर्षभर कोणाचे?

याला एक उत्तर असेही दिले जाते की, काळाबरोबर हे होणारच. जो जेथे पोट भरतो ते त्याचे गाव, मग पडके घर विकून मोकळे का होऊ नये? या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. शहरातील नोकरदाराला चार दिवसांची रजा मिळवताना नाकी नऊ येतात, मुलांच्या चाचणी परीक्षा नेमक्या त्याच आठवड्यात येतात, आणि सर्वांनी गावी परत जावे असे सांगणे हा भाबडेपणा होईल. विकायचे तर विचारपूर्वक, सर्वांनी बसून विकावे. त्यातही लाज नाही. परंतु आज होते ते निराळेच. निर्णय कोणी घेत नाही, घर पावसात एकेक वासा गमावत राहते, आणि एके दिवशी भावकीतील एखादा नाराज हिस्सेदार आपला अविभक्त हिस्सा दलालाच्या हाती देऊन मोकळा होतो. मग कुटुंबाच्या हाती उरतो तो फक्त दावा. घर गमावण्याचा हा सर्वांत वाईट मार्ग आहे, कारण त्यात घराबरोबर भाऊही जातो.

कागद आणि मन

उपाय अवघड नाहीत, मात्र ते पाच दिवसांच्या डागडुजीत बसणारे नाहीत. पहिला उपाय कागदाचा. वारस नोंदी पुऱ्या कराव्यात. सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ अन्वये तहसीलदारांकडून शेतजमिनीची वाटणी करून घेता येते. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मे २०२५ मध्ये घेतला, तेव्हा खर्चाची सबबही फारशी उरलेली नाही. वाटणी म्हणजे घर फुटणे, ही समजूत सोडली पाहिजे. ज्याचे त्याला मिळाल्यावर देवघर आणि माजघर सामायिक ठेवण्यास कोणाचीच हरकत नसते. भांडणे होतात ती अनिश्चिततेतून.

दुसरा विषय मुलींचा. गौरीला माहेरवाशीण म्हणून तिखट-गोड नैवेद्य दाखवायचा आणि हक्कसोडपत्रावर सही घेण्यासाठी मात्र बहिणीला त्याच सणात बोलवायचे, ही विसंगती अनेक घरांत सुखाने नांदते. २००५ च्या दुरुस्तीने हिंदू उत्तराधिकार कायद्यात मुलीला मुलाप्रमाणे जन्मतः सहदायाद मानले आणि ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने, वडील त्या दुरुस्तीच्या वेळी हयात नसले तरी हा हक्क मिळतो, हे स्पष्ट केले. कायद्याचे सोडा, सासरी गेलेली बहीण घराविषयी जितक्या मायेने बोलते तितके क्वचितच कोणी बोलते. तिला प्रतिस्पर्धी न मानता घराच्या निर्णयात बसवले, तर घराला एक राखणारा वाढतो.

तिसरा उपाय पैशाचा. गावच्या मंडळांकडे मंदिराच्या सभामंडपासाठी लाखो रुपये जमतात, प्रवेशद्वाराच्या कमानी उभ्या राहतात. त्याच हातांनी प्रत्येक कुटुंबाने आपल्या घराच्या दुरुस्तीसाठी दरमहा अल्पशी रक्कम एका सामायिक खात्यात टाकावी. त्या खात्याचा कारभार गावी राहणाऱ्या भावाच्या आणि त्याच्या पत्नीच्या हाती द्यावा. पैशाबरोबर विश्वास दिला गेला, तर राखणदार पुन्हा कारभारी होईल. आणि ज्यांना घरबसल्या संगणकावर काम करण्याची मुभा आहे, त्यांनी वर्षातून एखादा महिना त्या घरात राहावे. बंद घराला दुरुस्तीपेक्षाही माणसांचा वावर अधिक उपयोगी पडतो, हे कोणताही कोकणी सुतार सांगेल.

सामाजिक कार्यकर्त्यांना येथे मोठे काम आहे. रक्तदान शिबिर, दहावीच्या विद्यार्थ्यांचा सत्कार, भजन स्पर्धा हे कार्यक्रम उत्सवात होतच असतात. त्यांच्या जोडीला एखाद्या दिवशी तलाठी, निवृत्त महसूल कर्मचारी आणि गावातील जाणता वकील यांना बसवून वारस नोंदीचे मार्गदर्शन ठेवता येईल. भावकीतील जुना वाद मिटवण्यासाठी दोन वडीलधारी माणसे मध्यस्थ म्हणून देता येतील. यासाठी फलक लागत नाही, पाहुणे लागत नाहीत आणि छायाचित्रही निघत नाही. म्हणूनच ते काम कार्यकर्त्याचे आहे, पुढाऱ्याचे नव्हे.

रस्त्याचे देणे शासनाकडे आहे, ते वसूल केलेच पाहिजे. परंतु चौपदरी रस्ता पुरा झाला आणि सहा तासांत गाव गाठता आले, तरी तो रस्ता कुलूप लावलेल्या दारापाशी संपणार असेल, तर त्या वेगाचा उपयोग पर्यटकाला होईल, चाकरमान्याला नव्हे. पुष्कळ घरांत पुढच्या वर्षांच्या गणपतीच्या पाळ्यांची यादी जपून ठेवलेली असते. यंदा पाचव्या दिवशीची आरती झाल्यावर सर्व हिस्सेदारांनी, बहिणींसह, ती यादी पुढे घेऊन बसावे आणि तिच्याखालीच घराच्या दुरुस्तीच्या पाळ्याही लिहून काढाव्यात.